पहिल्या प्रयोगाची पट्टी

मी पायपेटी बोलतेय. संगीत नाटकात माझी जागा रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात. लोक पाहायला येतात ते वरच्यांना, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण आज माझं थोडं ऐकून घ्या. गोड आठवणी ऐकायला मिळतील असं वाटत असेल, तर आत्ताच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. माझ्या पोटात मोठा भाता आहे. हवा कोंडून धरायची आणि वेळ आली की बेतानं सोडायची, एवढंच त्याला येतं. राग त्याने तसाच धरून ठेवला, आणि सोडलाही तसाच.

माझा सांगाडा एका मोडीत काढलेल्या दरवाजाच्या लाकडाचा. ज्या कारागिराने मला घडवलं तो एका कानाने ठार बहिरा होता. सूर देणारी माझी एकेक पितळी जीभ कानशीने घासायचा, दातांत धरायचा आणि डोळे मिटून तिचा कंप जबड्यात ऐकायचा. नाटक कंपनीची माणसं मला न्यायला आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हळू वाजवणाऱ्याच्या हाती द्या. आपटणारे पुष्कळ भेटतील."

हळू वाजवणारा भेटला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बारीक अंगाचे, नेहमी एकच करडा कोट, आणि वाजवायला बसण्याआधी दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत घालून ऊब घेण्याची सवय. पायाखालच्या माझ्या दोन फळ्या ते असे दाबत, जणू झोपलेल्या मुलाच्या खोलीतून चालले आहेत. मी कागदोपत्री कंपनीची होते, पण प्रयोग नसले की मास्तरांच्या घरी, पुढच्या खोलीत असे. तिथेच त्यांनी त्या नाटकाची बारा गाणी माझ्यावर बसवली. त्यांची लेक पलीकडे टेबलाशी शाळेचा अभ्यास करायची आणि मधूनच ओरडायची, "बाबा, ही ओळ मघाशी चांगली होती!" मग मास्तर मघाची ओळ परत घेत. मी साक्षीदार आहे. बाराच्या बारा चाली त्या खोलीत, माझ्या पट्ट्यांवर, त्या बोटांखाली जन्मल्या.

नाटक एका नावाड्याचं होतं. त्याचा भाऊ त्याला फसवून गावाबाहेर काढतो, घर आणि नाव बळकावतो. पुष्कळ वर्षांनी नावाडी परततो आणि शेवटच्या अंकात भावाला माफ करतो. ते माफीचं गाणं नाटकाचा कळस होतं. 'सोडिला मी राग सारा, सोडिले तुजला सख्या.' त्या 'सोडिले'वर सूर असा वर चढायचा, की मागच्या रांगेतली माणसं खुर्चीत पुढे सरकायची.

नावाड्याचं काम करायचे मालक. कंपनी त्यांची, म्हणून मालक. देखणा माणूस, आवाज त्याहून देखणा. मला खड्ड्यातून त्यांचे बूटच दिसत, पण मी त्या बुटांवरून माणूस वाचायला शिकले. त्या उंच सुरावर मालकांच्या टाचा उचलल्या जात आणि ते चवड्यांवर उभे राहत. तेव्हा गाणं काळी चारमधून व्हायचं. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, पट्टी म्हणजे गाणं कुठल्या उंचीवरून उचलायचं ती जागा. काळी चार ही पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. तिथून ते गाणं म्हणायचं म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून आणखी वर हात घालायचा.

पहिल्या प्रयोगाच्या पाटीवर 'संगीत' या शब्दापुढे मास्तरांचं नाव होतं. दुसऱ्या हंगामात पाटी नवी रंगवली आणि तिथे मालकांचं नाव आलं. मास्तरांनी तालमीनंतर विचारलं. फार हळू विचारलं, मलाच लाज वाटली.

"अहो मास्तर, पाटी लहान पडली," मालक म्हणाले. "रंगवणाऱ्याने गोंधळ घातला. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ पंचवीस वर्षं आली नाही. पाट्या मात्र दरवर्षी मोठ्या होत गेल्या.

मास्तर घरी लेकीला नाटकातून शहाणपण शिकवत. ते म्हणत, "नाटकात बघ, खलनायकाला गाणं देत नाहीत. का? कारण गायला श्वास सोडावा लागतो, आणि तो सगळं धरून बसलेला असतो." किंवा म्हणत, "दुसऱ्याचं गाणं चालू असताना जो नट हलतो, तो घरीही कुणाचं ऐकत नसणार." लेक विचारायची, "आणि ती माफी? ती एवढी उशिरा का येते?" मास्तर हसायचे. "पहिल्या अंकात आली तर लोक घरी जातील ना, बाळ!"

त्यांना हे सगळं खरं वाटायचं. मला त्या माफीबद्दल कधी खात्री नव्हती. मी ती पाचशे वेळा खालून पाहिली आहे. वर रडणं चालतं, गळाभेट होते, आणि खाली बूट एकमेकांच्या पायावर पडू नयेत म्हणून जागा शोधत असतात. ज्या भावाला माफी मिळायची त्याच्या टाचा तर पडदा पडायच्या आतच विंगेकडे वळलेल्या असायच्या.

नाटकाला सात वर्षं झाली असतील, तेव्हा एका प्रयोगात मालकांचा आवाज त्या वरच्या सुरावर चिरकला. किंचितच. प्रेक्षकांना वाटलं, नावाड्याला हुंदका आला. पण मास्तरांची बोटं माझ्यावर थबकली. पुढच्या प्रयोगाआधी ते तालवाल्यांच्या कानाशी लागले. तालवाले म्हणजे माझे शेजारी, गोल पोटाचे, सतत काहीतरी पुटपुटणारे. गाण्याची पट्टी बदलली की त्यांना तालवाद्याचं कातडं हातोडीने ठोकून परत लावावं लागतं, म्हणून त्यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं.

"एक घर खाली," मास्तर म्हणाले.

"मालकांना सांगितलंत?"

"कशाला?"

"म्हणजे मी गुपचूप ठोकू?" तालवाले म्हणाले. "बायकोपासून लपवून दूध प्यायल्यासारखं वाटतं हे."

त्या दिवशी मास्तरांनी गाण्याआधीच्या संवादाखाली, रीतीप्रमाणे, हलकेच सूर धरला. तो काळी चारचा नव्हता, तिच्या लगतच्या खालच्या पांढरी पाचचा होता. नट तो सूर नकळत उचलतो आणि गातो. खड्ड्यात कुठली पट्टी दाबली आहे हे तो पाहत नाही. मालक सुरेख गायले. उतरताना वाकून म्हणाले, "आज आवाज काय लागला, मास्तर! ऐकलंत?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. "छानच."

असं चार वेळा झालं. काही वर्षं गेली की मालकांची शिडी लहान व्हायची आणि मास्तर न बोलता छत खाली आणायचे. काळी चारवरून पांढरी पाच, मग काळी तीन, पांढरी चार, शेवटी पांढरी तीन. मालकांच्या टाचा उचलणं केव्हाच थांबलं होतं. पण मुलाखतीत ते छातीवर हात ठेवून सांगत, "पहिल्या प्रयोगाची पट्टी! आजही तीच आहे." पुढे हे वाक्य जाहिरातीत आलं, मग पाटीवर. मास्तर पाटीखालून आत येत, बाह्यांत हात घालून बसत, आणि पांढरी तीनचा सूर धरत.

"सांगून टाका ना एकदा," लेक म्हणाली होती. तोवर ती शाळेत गाणं शिकवायला लागली होती.

"साथ करणाऱ्याने गाणाऱ्याला पडू द्यायचं नसतं," मास्तर म्हणाले. "एवढंच तर आपलं काम."

आणि मग एका सकाळी मास्तर उठलेच नाहीत.

त्या दिवसाबद्दल मला जास्त बोलता येत नाही. मी त्याच खोलीत होते. त्यांना माझ्यासमोर ठेवलं होतं. माणसं येत होती, दाराबाहेर चपला साचत होत्या. लेक भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा करून देत होती. दुपारी कंपनीची दोन माणसं आली. मालक आले नाहीत. माणसं दारात घुटमळली, मग एक म्हणाला, "ताई, संध्याकाळी प्रयोग आहे. मालकांनी पेटी मागवली आहे. दुसरे वादक बघितलेत."

एक म्हातारी आत्या म्हणाली, "अरे, माणूस अजून घरात आहे!"

लेक उठली. तिने दार पूर्ण उघडून धरलं आणि सांगितलं, "उजवी फळी सैल आहे. तिच्याखाली हात धरून उचला."

त्यांनी मला उचललं आणि मास्तरांच्या पायांना वळसा घालून बाहेर नेलं. मी पितळेची आणि लाकडाची आहे, मला अश्रू नाहीत. पण त्या वळणावर माझ्यात जे बसलं ते उठलं नाही. संध्याकाळी नावाड्याने भावाला माफ केलं. टाळ्या पडल्या. नवीन वादक माझ्यावर हात आपटत होता.

तो दोन प्रयोगांतच काम सोडून गेला. पांढरी तीन त्याला तालवाल्यांनी कानात सांगितली होती, तरी मालकांना त्याचा सूर सापडेना. खरं म्हणजे मास्तरांसारखा त्यांचा श्वास ओळखणारा कुणी मिळेना. मग त्यांनी लेकीला बोलावलं, आणि ती आली. मला धक्काच बसला. बाबांची कानशीने घासल्यासारखी बारीक बोटं तिच्याकडे आली होती, पण त्या बोटांत एवढी लाचारी असेल असं मला वाटलं नव्हतं. महिनाभर मी तिच्यावरही रागावून होते. दोनदा मी मुद्दाम एक जीभ अडकवून ठेवली. तिने शांतपणे माझं झाकण उघडलं, बोट घालून जीभ मोकळी केली आणि म्हणाली, "थांब जरा."

तेव्हा मला कळलं, ती थांबली होती.

पाचशेवा प्रयोग जवळ आला. एका सकाळी तालीम संपल्यावर मालक रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसले. बूट माझ्या तोंडासमोर हलत होते.

"मालक, एक मागणं आहे," लेक म्हणाली.

"बोल ना, बाळ. मास्तरांची लेक ती माझीच."

"पाचशेव्या प्रयोगाच्या पाटीवर 'संगीत' या शब्दापुढे बाबांचं नाव हवं. तुमचं खाली राहिलं तरी चालेल."

बूट हलायचे थांबले. "अगं, पाटी रंगवायला गेली असेल एव्हाना."

"नाही गेली. मी रंगवणाऱ्याला विचारून आले."

"बघतो मग."

"बघतो नको. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

"हो! हो म्हटलं ना," मालक हसले. "मास्तर मला भावासारखे होते."

प्रयोग दुपारचा होता. तालवाले धापा टाकत खड्ड्यात उतरले आणि लेकीकडे न बघता आपली वाद्यं मांडायला लागले.

"ताई, तुम्ही पुढच्या दाराने आलात की मागच्या?"

"पुढच्या."

"म्हणजे पाटी पाहिलीत."

"पाहिली. संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका. तिन्हीपुढे एकच नाव." तिने हात बाह्यांत घातले. "खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पंचवीस वर्षं, पाचशे प्रयोग, पट्टी तीच."

"निर्लज्ज," तालवाले पुटपुटले.

"तुमचं दुसरं वाद्य काळी चारला लावून ठेवा. शेवटच्या गाण्यासाठी."

तालवाल्यांची हातोडी हातातच राहिली. "कुठल्या चारला?"

"पहिल्या प्रयोगाच्या."

"ताई, तिथे त्यांचा गळा फुटेल. भरलं घर आहे. वर्तमानपत्रवाले आहेत."

"मला माहीत आहे."

"तुमच्या बाबांनी हे कधी केलं नसतं."

"बाबा नाहीत," लेक म्हणाली.

तालवाल्यांनी दुसरं वाद्य पुढे ओढलं आणि कडेने हळूहळू ठोकायला सुरुवात केली. मी एवढा गोड आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

अकरा गाणी लेकीने पांढरी तीनच्या बेताने, बाबांसारखीच वाजवली. मालक खुशीत होते. शेवटचा अंक आला. भाऊ गुडघ्यांवर बसला. नावाड्याचा संवाद सुरू झाला आणि त्याखाली लेकीने सूर धरला. काळी चार. माझ्या त्या कोपऱ्यातल्या जिभांनी कितीतरी वर्षांत एवढा श्वास घेतला नव्हता.

मालकांनी सूर उचलला, सवयीने. पहिली ओळ खालच्या सुरांतच फिरते, ती निभावली. पण बुटांनी आधी ओळखलं. डावा बूट अर्धं पाऊल मागे गेला. दुसरी ओळ आली, चाल चढू लागली, आणि इतक्या वर्षांनी मी त्या टाचा पुन्हा उचललेल्या पाहिल्या. 'सोडिले' म्हणताना आवाज वर गेला, लटकला, आणि फाटला. हुंदका वाटावा असा नव्हे. कापड फाटावं तसा.

लेकीने हात उचलला.

मालक नट होते, त्यांनी लगेच तोंडावर हसू आणलं. "मायबाप, माफ करा. पेटीची पट्टी चुकली आहे. नवीन हात आहेत."

लेक उभी राहिली. खड्ड्यातून तिचं फक्त डोकं लोकांना दिसत असेल. "चुकलेली नाही," ती म्हणाली. "ही काळी चार आहे. पहिल्या प्रयोगाची. बाहेर पाटीवर लिहिलंय."

कुणीतरी हसलं. मग मधल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "बरोबर आहे. मी होतो पहिल्या प्रयोगाला. काळी चारच होती."

मालक कडेपर्यंत आले आणि वाकले. आवाज दाबून म्हणाले, "खाली घे."

"किती?"

"एक."

तिने पांढरी पाचचा सूर दिला. मालकांनी ओठांत गुणगुणून पाहिलं. मान हलवली. "अजून."

तिने काळी तीन दिली.

"अजून."

पांढरी चार. मालकांच्या कपाळावरचा रंग ओघळत होता. त्यांच्या घामाचा एक थेंब माझ्या झाकणावर पडला. तो मी अजून विसरले नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्या पट्ट्यांवरच्या तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब जुळत गेला.

"मास्तर..." ते थांबले. "मास्तर कुठे घ्यायचे?"

"मोठ्याने विचारा," लेक म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

क्षणभर मला वाटलं, ते निघून जातील. बूट विंगेकडे वळलेही होते. पण पुढे भरलेलं घर होतं, आणि पंचवीस वर्षं ज्याने रंगमंच सोडला नाही त्याला तो सोडून जाता येईना. मालक ताठ उभे राहिले आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या त्यांच्या आवाजात म्हणाले,

"माझं हे गाणं मास्तर कुठून वाजवायचे?"

"पांढरी तीन," लेक म्हणाली. "चार घरं खाली. गेली सहा वर्षं. त्याआधी तीन घरं, त्याआधी दोन. आणि चालही त्यांचीच."

ती बसली आणि तिने सूर दिला. मालक गायले. मला सांगायला आवडत नाही, पण खोटं बोलणार नाही, फार चांगले गायले. मास्तरांनी त्या गळ्याचं माप असं घेतलं होतं, की कुठे सुरकुती पडली नाही. टाळ्याही पडल्या. पण त्या थांबल्यावर मधल्या रांगेतला तो म्हातारा उभा राहून विचारत होता, "त्या मास्तरांचं नाव काय होतं?" आणि आणखी लोक विचारत होते, आणि मालकांना रंगमंचावरून ते नाव सांगावं लागलं. एकदा नव्हे, तीनदा.

पुढच्या प्रयोगाच्या पाटीवर नाव आलं. लेकीने ते उभ्या उभ्या वाचलं आणि आत न येता परत गेली. तिने कंपनी सोडली. वर्षभरात नाटकही बंद पडलं, सामान विकायला निघालं, आणि ती मला घरी घेऊन आली.

आता मी तिच्या शिकवणीच्या खोलीत असते. एक पट्टी चिकटते, भाता दोन ठिकाणी शिवला आहे. मागच्या महिन्यात मालक आले होते. काठी घेऊन, आणि पायात साधे कापडी बूट. लेकीने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चार वेळा खाली घेतली पट्टी?" ते पाणी पिऊन म्हणाले.

"चार वेळा."

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मला वाटायचं, माझाच आवाज." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पोरी, तू मला सगळ्यांसमोर नागवं केलंस. एकदा म्हण, की झालं ते झालं."

लेकीने घड्याळ पाहिलं. "माझे विद्यार्थी यायची वेळ झाली," ती म्हणाली. ती कठोरपणे बोलली नाही. फक्त जे मागितलं ते दिलं नाही. ते गेले. तिने माझं झाकण उघडलं आणि नंतर बराच वेळ वाजवलंच नाही.

तुम्हाला वाईट वाटलं असेल. नाटकात शेवटी माफी असते, तिची सवय लागलेली असते. मला वाईट वाटलं नाही. ज्या दुपारी मला त्या खोलीतून उचललं, त्या दुपारी कुणी माझी परवानगी घेतली नव्हती. आता माफी द्यायची की नाही, हे मी कुणाला विचारणार नाही.

निरोप घेण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचा आवाज अजून चांगला लागत असेल, तर घरात एकदा खाली वाकून बघा. कुणीतरी न बोलता तुमच्यासाठी पट्टी खाली घेत असेल. आई असेल, नवरा असेल, धाकटी बहीण असेल. ते माणूस आहे तोवर त्याला विचारा, आणि मोठ्याने विचारा. नाही विचारलंत, तर ते माणूस काही बोलणार नाही, ते तुम्हाला पडूही देणार नाही. पण त्याच्यामागे एखादी लेक राहते. आणि एखादी पेटी.